वा की चहा

"एक दिवस सांग," नलू म्हणाली. "पंचवीस वर्षांतला फक्त एक. मी परात वाजवली आणि तू उठून बघायला आलीस, असा."

"छप्पन्न सांगेन."

"छप्पन्न नकोत गो. एक."

"आले होते मी. तुमच्यासारखी आ वासून उभी राहिले नाही, म्हणून तुमच्या लक्षात नाही."

"लक्षात कशी राहशील? आम्हाला तुझी पाठ तेवढी दिसायची. पाठ आणि अंबाडा."

पुष्पा खुसखुसली. मी तिच्याकडे बघितलं, तशी तिने फोनमध्ये डोकं घातलं. हंसाबेन मटार सोलत होत्या, त्या सोलतच राहिल्या. भांडण चालू असलं की त्यांचं काम चांगलं उरकतं.

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. आमच्या केंद्रात एक ड्रॉवर होता. पिशव्यांबरोबर आलेले रबरबँड त्यात पडायचे. कुणी नीट ठेवले नाहीत, कुणी फेकलेही नाहीत. केंद्र बंद केलं त्या दिवशी तो ड्रॉवर उघडला, तर आत नारळाएवढा गुंता. एक ओढायला जावं तर पाच हातात. गेल्या गुरुवारी नलूने त्यातलाच एक ओढला.

मी इंदू. मुलुंड पश्चिमेला, जिथे रस्ते संपून डोंगर सुरू होतो तिथे, एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर मी पंचवीस वर्षं पोळीभाजी केंद्र चालवलं. शिक्षण चौथी. पुढचं सगळं रद्दीतून. पोळ्या गुंडाळायला पेपरची रद्दी यायची, ती आधी मी वाचायचे, मग पोळ्यांना मिळायची. इंग्रजी शिकले सोसायटीच्या नोटिसा वाचून. त्यामुळे माझ्या इंग्रजीत 'प्लीज' कमी आणि 'स्ट्रिक्टली' जास्त आहे. कुणाकडून शिकले नाही, कुणाचं ऐकलं नाही. याचा मला अभिमान होता. अजून आहे. पण पूर्वीएवढा नाही, आणि तेच सांगायला बसले आहे.

केंद्रात आम्ही चौघी. मालवणकडची नलू, माझ्याच वयाची, पोळ्या लाटायला. घाटकोपरहून येणारी पुष्पा, वयाने लहान, भाज्या चिरायला आणि बातम्या आणायला. वरच्या मजल्यावरच्या हंसाबेन, थेपले आणि फरसाण. आणि तव्यावर मी. केंद्र बंद होऊन तीन वर्षं झाली, तरी जागा, शेगडी, भांडी तशीच आहेत, आणि दर गुरुवारी चौघी त्याच गॅलरीत बसतो. येत्या रविवारी नलू मुलीकडे नाशिकला जाणार, कायमची. तिच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. बाजूचं सगळं गेलं, समोरचं बशीएवढं उरलंय. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी तिला तोंडावर सांगितलंय.

म्हणून ती भांडत होती. आणि म्हणून मी मागे हटायला हवं होतं. पण मला मागे हटायची सवय नाही.

०

परातीचं सांगते. नलू कामाला लागून तीनच आठवडे झाले होते. सकाळची साडेआठाची वेळ, दोन्ही तवे तापलेले, आणि अचानक लाटणं परातीवर धडाधडा. मला वाटलं, सिलिंडर. मी रेग्युलेटर बंद केला, हंसाबेनना जिन्याकडे ढकललं, पुष्पाने पाण्याची बादली ओढली. खालचा शिंपी गरम इस्त्री हातात घेऊन वर धावत आला.

नलू गॅलरीत उभी. समोर आमचं सावरीचं झाड. "बघा गो," ती म्हणाली, "केवढी ती चोच."

धनेश होता. जोडी होती. एक चोचीत काहीतरी धरून दुसऱ्याला भरवत होता, अगदी अलगद, आपण आजाऱ्याला भरवतो तसं. ही चोचीची आणि भरवण्याची गोष्ट मला नंतर हंसाबेननी सांगितली. शिंपी म्हणे दहा मिनिटं तिथेच उभा होता, हातातली इस्त्री आरतीच्या तबकासारखी धरून.

मी तोवर तव्याकडे परत गेले होते. दोन पोळ्यांचा कोळसा झाला होता.

"हे असं चालणार नाही," मी म्हणाले, आणि तिथल्या तिथे नियम काढला. परात उगाच वाजवायची नाही. वाजवली, तर बाकीच्या तिघींनी येऊन बघायचं आणि ठरवायचं. बघण्यासारखं असेल तर म्हणायचं 'वा'. नसेल तर म्हणायचं 'चहा', म्हणजे जिने वाजवली तिने चौघींचा चहा करायचा. तिघींचा 'वा' आला तरच ती सुटली. एकीचा जरी 'चहा' आला, तरी चहा.

"बरं," नलू म्हणाली. "मग धनेशाचं काय?"

"वा," पुष्पा म्हणाली. "वा, वा," हंसाबेन म्हणाल्या.

"चहा," मी म्हणाले. तव्याकडे तोंड करून.

मला वाटलं होतं, दोन दिवसांत हिची खोड जाईल. नलूने त्या दिवशी आलं किसून असा काही चहा केला की शिंपीसुद्धा कप मागून घेऊन गेला. आणि तिसऱ्या दिवशी परात पुन्हा वाजली. मुंग्यांनी एक आख्खी मेलेली गांधीलमाशी भिंतीवर चढवली होती म्हणे. चहा.

०

परात वाजवायचा हक्क सगळ्यांना होता. पुष्पाने तो एकदाच जोरात वापरला.

"काकी, खाली हिरो आलाय! शप्पथ!"

गल्लीत शूटिंग होतं. लाल जॅकेटातला हिरो टेम्पोच्या टपावरून उडी मारून भाजीच्या हातगाड्यांवर पडत होता. हंसाबेन एकादशीला पाणीसुद्धा मोजून पितात आणि सिनेमाचं नाव काढलं तरी नाक मुरडतात. त्या कठड्यावरून अर्ध्या बाहेर. 'वा' दोन आले. मी आतून ओरडले, "चहा."

खालून आवाज आला, "मावशी, मला पण!"

तो हिरो नव्हताच. हिरोच्या जागी उड्या मारणारा होता. खरा हिरो कोपऱ्यावर गाडीत एसी लावून बसला होता. हा आपला सरळ जिना चढून वर आला. कुर्ल्याचा होता, कोपरं खरचटलेली. चहा घेतला, बटाट्याच्या भाजीबरोबर चार पोळ्या खाल्ल्या.

"लागत नाही का रे?" नलूने विचारलं.

"लागतं ना. पण चेहरा दिसू द्यायचा नाही, एवढंच आपलं काम. कळवळायचं असेल तर पाठ करून कळवळायचं."

जाताना तो दारात थांबला आणि मला म्हणाला, "मावशी, तुम्ही बघितलं नाही ना? चला, एक तुमच्यासाठी."

आणि खाली जाऊन, कॅमेरा बंद असताना, त्याने पुन्हा उडी मारली. त्याचा चेहरा सगळ्यांना दिसला, नलू सांगते. हात पसरलेले, घारीसारखे, आणि चेहऱ्यावर हे एवढं हसू. शूटिंगवाल्यांनी कामं सोडून टाळ्या वाजवल्या.

मी भाताची पेज गाळत होते. टाळ्या ऐकल्या. एक माणूस फक्त माझ्यासाठी टेम्पोवरून उडाला आणि मी शितं चेपून बघत होते.

०

"हे झालं तुझ्या बाजूचं," मी गुरुवारी नलूला म्हणाले. "आता माझ्या बाजूचं ऐक. खिडकीवर पत्रा लावला होता तेव्हा मी उठून आले होते की नाही?"

बिल्डिंगचं प्लास्टर चालू होतं. आमच्या खिडकीवर बाहेरून पत्रा ठोकला होता, गॅलरीचं दार धुळीसाठी लावलेलं, आत मिट्ट काळोख. त्यात ट्यूब बंद पडली. पुष्पा स्टुलावर चढून स्टार्टर चाचपत होती, आणि परात वाजली. या वेळी धडाधडा नाही. हळूच, बोटांनी.

पत्र्याला स्क्रूचं एक भोक राहिलं होतं. त्यातून उजेड आत आला होता आणि समोरच्या भिंतीवर आमची गल्ली दिसत होती. आख्खी गल्ली, रंगांसकट, पण उलटी. रिक्षा छताला चाकं लावून चालल्या होत्या. सावरीचं झाड मुळं वर करून लटकत होतं. समोरच्या बाल्कनीतली बाई हिरवी साडी वाळत घालत होती, आणि ती साडी खालून वर फडफडत होती. नलूने हात पुढे केला, तर एक रिक्षा तिच्या तळहातावरून गेली.

मी आले. मी पाहिलं. एक क्षण माझ्याही ओठांवर 'वा' आला, तो मी परत फिरवला.

कारण मला ते माहीत होतं! रद्दीत वाचलं होतं मी, शाळेच्या पुरवणीत. मी लाटणं घेतलं आणि भिंतीवर टेकवून समजावून सांगितलं. उजेड सरळ रेषेत जातो. वरचा किरण भोकातून खाली येतो, खालचा वर जातो, म्हणून चित्र उलटं. यात जादू काही नाही. बाहेर ऊन हवं आणि आत काळोख हवा, बस. "पटत नसेल तर हे बघा," मी म्हणाले, आणि स्टुलावर चढून स्टार्टर फिरवला.

ट्यूब लागली. गल्ली गेली.

"कळलं?" मी विचारलं.

"कळलं, इंदूबेन," हंसाबेन म्हणाल्या. "पण गेलं ना ते."

त्याच दुपारी कामगारांनी ते भोक बुजवलं. मास्तरीण व्हायची हौस माझी. आयुष्यात कुणी वर्गात बसवलं नाही, तर मी तिघींना भिंतीपाशी उभं करून वर्ग घेतला.

"मग? आले होते की नाही?" मी गुरुवारी विचारलं.

"आलेलीस," नलू म्हणाली. "दिवा लावायला."

०

लॉकडाऊनमध्ये केंद्राला परवानगी होती, आजारी माणसांच्या घरी डबे जायचे. त्या दिवसांत एका संध्याकाळी आख्ख्या गावाने थाळ्या वाजवल्या, तर नलू म्हणाली, "माझी कॉपी केल्यानी."

त्यानंतर काही दिवसांनी तिने परात वाजवली. पुष्पा आणि हंसाबेन मास्क लावून गॅलरीत गेल्या. समोर काहीच नाही. रिकामी गल्ली, झाड, डोंगर.

"काय दाखवतेस?" पुष्पा म्हणाली.

"दाखवत नाय. ऐका."

"कुठे काय ऐकू येतंय?"

"तेच."

मोठ्या रस्त्याचा आवाज नव्हता. आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासून कानांच्या तळाशी जी एक घरघर असते, जी आहे हेच आपण विसरून गेलेलो असतो, ती नव्हती. तिच्या जागी काय होतं, ते तिघींनी तीन प्रकारे सांगितलं. पुष्पा म्हणते, तिला स्वतःच्या बांगड्या ऐकू आल्या. हंसाबेन म्हणतात, डोंगराचा आवाज आला. डोंगराला काय आवाज असतो, हे त्यांना सांगता येत नाही. त्या रडल्या मात्र. नलू म्हणते, गावच्या घराचं मागचं दार उघडल्यासारखं वाटलं.

आत मी एक्झॉस्ट फॅन लावून ठेवला होता.

"चहा," मी म्हणाले. पंख्याच्या वरताण आवाज चढवून.

०

तर गुरुवारी असं एकेक निघत गेलं आणि प्रत्येकात माझी पाठच. तेव्हा मी माझा ठेवणीतला काढला. आजवर कुणाला सांगितला नव्हता.

हे गेले त्यानंतरच्या थंडीतली गोष्ट. 'हे' म्हणजे माझे मालक. मिल बंद झाल्यावर केंद्राचे डबे तेच सायकलवरून पोचवायचे. ते गेल्यावर घरात झोप लागेना, म्हणून मी सगळ्यांच्या आधी येऊन केंद्र उघडायचे. एक दिवस उजाडता उजाडता गॅलरीचं दार उघडलं, आणि खाली कंपाऊंडच्या भिंतीवर बिबट्या.

मांजर भिंतीवर बसतं तसाच बसला होता. शेपटी भिंतीखाली लोंबत होती. त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, भुकेने नाही. मी कोण, हे त्याला विचारायचंसुद्धा नव्हतं. माझ्यावर आयुष्यात कुणी इतकी निर्हेतुक नजर टाकली नसेल. पाय हलेनात, आणि हलावंसंही वाटेना.

परात हाताशी होती. पण वाजवणार कुणासाठी? आणि वाजवली असती तर तो गेला असता. थोड्या वेळाने तो तसाही उठला, भिंतीवरून चालत चालत वळणाशी गेला, दिसेनासा झाला.

नलू आली तेव्हा मी पीठ मळत होते. "गप्प का गो?" तिने विचारलं. "पीठ घट्ट झालंय," मी म्हणाले.

का नाही सांगितलं? सांगायचं म्हणजे आधी कबूल करायला हवं होतं की बाई, तू इतकी वर्षं ज्यासाठी परात बडवतेस ते असं असतं होय. ते तोंडून निघेना. आणि एक सांगते. एकटीने पाहिलेलं पुरतं आत उतरत नाही. शेजारी कुणीतरी 'अगं बाई' म्हणावं लागतं. बारा वर्षं तो बिबट्या माझ्या डोळ्यांत तसाच भिंतीवर बसून आहे, खाली उतरायला तयार नाही.

हे सगळं मी गुरुवारी सांगितलं. पहिल्यांदाच.

"काकी, बोका असेल," पुष्पा म्हणाली.

"इंदूबेन खोटं नाही बोलत," हंसाबेन म्हणाल्या. "पण तेव्हा चष्मा होता का तुमाला?"

आणि नलू, त्या बशीएवढ्या नजरेत मला बरोबर मधोमध धरून, म्हणाली, "चहा."

तिघी अशा हसल्या की मटार सांडले. हंसाबेनच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बिबट्या होता," मी म्हणाले. "आणि चहाबिहा मी करणार नाही. या केंद्रात मी कधी चहा केलेला नाही आणि आता करणार नाही."

"हाक तरी मारायचीस," नलू म्हणाली. ती आता हसत नव्हती. "एवढं बघितलंस आणि आम्हाला हाक मारावीशी वाटली नाही तुला. भावजींनी तरी मारलेली."

ती थांबली. बोलायचं नव्हतं ते बोलून गेलेलं माणूस थांबतं, तशी.

"कुणी? यांनी? कुणाला हाक मारली?"

पुष्पा पुन्हा फोनमध्ये. हंसाबेन सांडलेले मटार एकेक करून वेचायला लागल्या. तेव्हा मला कळलं, तिघींना ठाऊक आहे. बारा वर्षं तिघींना ठाऊक आहे आणि मला नाही.

"नलू, सांग."

"नाय सांगणार."

"कोणत्या दिवशी?"

"कापूस उडाला त्या दिवशी. मी परात वाजवली. तू चहा म्हणालीस, मी चहा केला. संपलं. नियम तुझाच आहे."

"माझ्या नवऱ्याचं आहे ते. माझा हक्क आहे."

"हक्क बघायचा होता गो. ऐकायचा नव्हता."

असं ती मला म्हणाली. माझ्याच गॅलरीत. मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. तिच्या डोळ्यांवरूनही बोलले, एवढं लिहिते, कारण ते झाकून ठेवलं तर बाकीचं सांगायचा मला अधिकार नाही. नलू उठली आणि पिशवी चाचपायला लागली. चाचपायला लागली म्हणते, कारण पिशवी तिच्या उजव्या हाताला दोन वितींवर होती आणि तिला ती दिसत नव्हती.

भांडण मिटलं कसं ते शेवटी सांगते. मिटल्यावर तिने जे सांगितलं ते आधी.

०

हे मिलमध्ये कार्डिंग खात्यात होते, जिथे कापूस पिंजतात तिथे. लग्न झाल्यापासून मिल बंद पडेपर्यंत रोज घरी यायचे ते केसांत, भुवयांत, पापण्यांवर कापूस घेऊन. मी रोज दारातच उभं करून टॉवेलने झटकायचे आणि रोज करवादायचे. मिल बंद झाली. कापूस संपला. करवादायला दुसरी कारणं मिळाली.

त्या दिवशी, चैत्र संपत आला होता, सावरीची बोंडं एकदम फुटली. दरवर्षी थोडा कापूस उडतोच, पोरं त्याला म्हातारी म्हणतात आणि मागे धावतात. पण त्या दिवशी वारा असा काही फिरला की गल्लीत समोरचं दिसेना, नलू सांगते. वरून खाली नाही, खालून वर, आडवा, गोल, सगळीकडून कापूस. हे डब्यांच्या पिशव्या सायकलला अडकवून निघाले होते. झाडाखाली आले आणि थांबले. सायकल स्टँडवर लावली. हात अंगापासून थोडे लांब धरले आणि चेहरा वर करून, डोळे मिटून उभे राहिले.

कापूस बसत गेला. केसांवर, खांद्यांवर, भुवयांवर. हलले नाहीत. रिक्षावाल्याने रिक्षा बंद केली. शिंपी बाहेर आला. वॉचमन उठून उभा राहिला. एक म्हातारा माणूस हळूहळू पांढरा होत गेला आणि सगळी गल्ली ते बघत राहिली. मग त्यांनी डोळे उघडले, खांद्यावरचा एक पुंजका घेतला, दोन अंगठ्यांमध्ये धरून ओढून बघितला, धागा किती लांब निघतो ते बघतात तसा. आणि मान हलवून हसले. कामाचा नव्हता तो कापूस, सावरीचा कातता येत नाही. पण हसले.

मग वर गॅलरीकडे बघून म्हणाले, "नलूताई, ही कुठाय? हिला बोलवा ना जरा."

नलूने परात वाजवली. हात दुखेपर्यंत वाजवली, असं म्हणते.

मी काय म्हणाले ते तुम्हाला ठाऊकच आहे.

"कामात आहे ती," नलूने खाली सांगितलं.

"असू दे," हे म्हणाले. "घरी दाखवतो." आणि अंगावरचं काही न झटकता सायकलवर बसले. तसेच सगळे डबे पोचवले त्यांनी. घरोघरी लोकांनी विचारलं असेल. सगळ्या मुलुंडने पाहिलं असेल.

त्या श्रावणात ते गेले. नवरा गेलेल्या बाईला हे कसं सांगायचं, म्हणून तिघी गप्प राहिल्या. नलूने माझ्यावरचा राग बारा वर्षं गिळला आणि वर मला चहा करून पाजत राहिली.

आता जे नलूला ठाऊक नव्हतं ते मी तिला सांगितलं. ते त्या दुपारी घरी आले, तशाच पांढऱ्या केसांनी, आणि दारात उभे राहिले. आत आले नाहीत, नुसते उभे. मी टॉवेल घेऊन आले. "कुठे लोळून आलात?" मी म्हणाले. "मिल बंद होऊन इतकी वर्षं झाली, अजून कापूस आणताय घरात." आणि झटकायला लागले. ते हसत होते. "अगं, आज ना," असं काहीतरी म्हणत होते.

"आधी आंघोळ," मी म्हणाले.

०

आता भांडण मिटलं ते.

नलूच्या हाताला पिशवी लागली. ती भिंतीला धरून दाराकडे निघाली. पुष्पा तिला सोडायला उठली. हंसाबेन म्हणाल्या, "बसा ना नलूबेन, रविवारी जाणार, असं नका जाऊ," आणि माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होते. माझ्यासमोर जमिनीवर ती जुनी परात, त्यात मटार.

मी उठले. गुडघ्यांवर हात देऊन उठावं लागतं आता. आत गेले. पातेलं कुठे असतं ते मला माहीत नव्हतं. पंचवीस वर्षं माझं केंद्र, आणि चहाचं पातेलं तीन फडताळं उघडल्यावर सापडलं. त्यात चार कप पाणी घातलं. आल्याचा तुकडा घेतला. किसणी मिळेना, म्हणून लाटण्याने ठेचायला लागले. ओट्यावर लाटण्याचा आवाज झाला, तशी नलू दारात थांबली. मागे वळली नाही, पण थांबली.

मी तिच्या पाठीला म्हणाले, "नलू, चहा मी करतेय. तू सांग."